एअर फिल्टरमधला उंदीर
परवा कपाटामागून मेलेल्या उंदराचा वास आला आणि मला ती जुनी गाडी आठवली. कार्ब्युरेटरवाली, खटारा, तिचं ॲव्हरेज एकाएकी निम्म्यावर आलं होतं. ती उभी असायची कापसाच्या खोलीला लागून, कारण भाव चढेपर्यंत कापूस आम्ही घरातच भरून ठेवायचो. दर आठवड्याला सासूबाईंना सेलूहून वर्ध्याच्या दवाखान्यात माझे धाकटे दीर याच गाडीने न्यायचे. एकदा मी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, “भाऊजी, पेट्रोल तुम्ही तं काढून नाई राह्यले?” ते एवढंच म्हणाले, “वहिनी, गाडी एकदा मिस्त्रीले दाखवा,” आणि किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले. पुढच्या वेळी सासूबाई एसटीने गेल्या. शेवटी गाडी मीच नेली. मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि मी पदर नाकाला लावला. शी! आत आमचाच कापूस, काळा, ओलसर, लेंड्यांनी भरलेला, आणि त्यात चिकटलेला सडका उंदीर. मिस्त्रीने शेपटी ओढली तर ती सुटून हातात आली. “हवाच भेटत नोती गाडीले, बाई. मंग पेट्रोलच जास्त पेईन ना!” डबा धुऊन नवा फिल्टर बसवला, तशी गाडी पहिल्यासारखी पळू लागली. घरी मात्र मी ‘काहीतरी अडकलं होतं’ एवढंच सांगितलं. परवाचा उंदीर भाऊजींनीच कागदात गुंडाळून बाहेर टाकला, तोंड जरासुद्धा वाकडं न करता. मी दारात नाक दाबून उभी होते, आणि त्या पेट्रोलच्या आळाची माफी तेव्हाही मागितली नाही.