नाक्यावर अडवलेला बैल

या निवडणुकीत आमच्याकडे सगळ्यांनाच जनावरांचा कळवळा आला होता. एक पक्ष गोवंश वाचवणार होता, दुसरा गावोगावी जनावरांचे दवाखाने काढणार होता. रानातून उसात येणाऱ्या गव्यांचं काय करायचं, याचंही उत्तर दोघांकडे तयार होतं. खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहून माझे पाय दुखतात. त्यात ही भाषणं ऐकून कानही दुखायला लागले. म्हणून दोन दिवस निपाणीजवळ माहेरी गेले. तिथंही शेजारच्या मोकळ्या रानात सभा होतीच.

सभेला जेवण होतं. उरलेला मसालेभात कुणीतरी आमच्या बांधावर ओतून गेलं. सकाळी अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, बैल दावं तोडून तिथं पोचला आणि पोटभर भात खाऊन आला. एवढा शिजवलेला भात जनावराला बाधतो. बघता बघता त्याची डावी कूस टम्म फुगली. अण्णानं गोडेतेल पाजलं, कूस चोळली. काही फरक पडेना.

सरकारी डॉक्टरला फोन केला, तर तो इलेक्शन ड्युटीवर. "ड्युटी सोडली तर माझी नोकरी जाईल," तो बिचारा म्हणाला आणि त्यानंच कागलच्या एका डॉक्टरचा नंबर दिला. कागल हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात. तो डॉक्टर म्हणाला, "लगेच घेऊन या, मी दवाखान्यातच थांबतो." बैल टेंपोत चढवताना अण्णा त्याच्याशीच बोलत होता, "चल रं, जरा दम काढ."

नाक्यावर अडवलं. जनावर राज्याबाहेर न्यायला परवाना लागतो आणि त्यासाठी तपासून दाखला द्यायचा तो सरकारी डॉक्टरनं. पोलिसानं एक वेळ ऐकलं असतं, पण गळ्यात गोवंशवाल्या पक्षाची उपरणी घातलेली पोरं आडवी आली.

"कापायला न्हेताय व्हय?" एकानं विचारलं.

अण्णा भडकेल असं वाटलं, पण तो रडायच्या बेताला आला होता. "प्वाट बघा की त्येचं," तो म्हणाला, "मरतंय ते."

तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचे लोक आले. आमच्या बाजूनं बोलतायत म्हणून मला बरं वाटलं. पण ते त्या पोरांशी कायद्यावरून भांडायला लागले, दोन्हीकडून मोबाईल निघाले आणि बैलाकडं बघायला कुणाला सवड राहिली नाही. मी ओरडलेसुद्धा. मग थकले आणि टेंपोच्या सावलीला बसून राहिले.

बैल टेंपोतच खाली बसला, मग आडवा झाला.

खरं सांगते, त्यानंतर सगळे चांगले वागले. ती पोरंच खड्डा काढायला जेसीबी घेऊन आमच्या रानात आली. दुसऱ्या पक्षानं हार आणला. एकानं आपलं उपरणं बैलावर पांघरलं. अण्णानं ते काढून, घडी घालून त्याच्या हातात दिलं.

खड्ड्यात माती पडत असताना अण्णाचा फोन वाजला. कागलचा डॉक्टर होता. "कुठवर आलाय? मी अजून जेवायला गेलो नाही."



"जेवून घ्या डॉक्टर," तो म्हणाला, "आमी न्हाय येत आता."