चौकीसमोरचा पंच

शांतवन आवळे आमच्या चर्चच्या मंडळीचा जुना सभासद. खोटं बोलायचा नाही, अशी त्याची ख्याती. पोलीस चौकीसमोर त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आणि तिथंच सगळं नडलं. १९५० साली दारूबंदीच्या धाडी जोरात होत्या आणि प्रत्येक पंचनाम्याला पंच लागायचा. फौजदार कागद आणून पुढं टाकायचा, "शांतवन, मार सही." धाड कुठं पडली, काय सापडलं, हा बघायलाही जायचा नाही. खळीनं चिकटलेले हात पुसायचा आणि सही करायचा. ख्रिस्ती माणूस बायबलवर हात ठेवून सांगतोय म्हटल्यावर कोर्टात वकीलही फार खोदत नसत.

मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "सरकारचं ऐकावं, असं पाळकसाबच सांगत्यात की."

सांगत होतेच. अधिकारी देवानं नेमलेले, हे बायबलातल्या पौलाचं म्हणणं आमच्या पाळकांना तोंडपाठ. त्याच बायबलात राजाचा हुकूम मोडून सिंहांच्या गुहेत गेलेला दानिएलही आहे, पण तो फक्त रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी.

१९५३ मध्ये चौकीमागं भाकऱ्या विकणाऱ्या चिमणाबाईला पकडलं. मोठ्या भट्टीवाल्यांना हात लावायची पोलिसांची छाती नाही आणि वरिष्ठांना गुन्हे तर दाखवायचे. मग चौकीतलाच हातभट्टीचा डबा तिच्या चुलीमागं सापडला. पंचनाम्याखाली शांतवनची सही. जामिनावर सुटल्या सुटल्या बाई त्याच्या दुकानात आली.

"तुमी माझ्या घरात आलतासा?"

त्यानं खळीचे हात पुसले.

"मग माझी चूल कुठल्या अंगाला हाय, तेवढं सांगा की."

त्या संध्याकाळी तो पाळकांकडं आला. मंडळीचा कारभार बघणारा एक वडील म्हणून मीही तिथं बसलो होतो.

पाळक चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "सरकारी कागदावर सही केलीस, आता फिरू नकोस. आपण मूठभर माणसं. त्यात आपल्या शाळेच्या जागेचा अर्ज कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर आहे."

देवाच्या नावाखाली अर्ज जपणारा तो माणूस बघून मला किळस आली. तरी मी चहा संपवला आणि मान डोलावली.

कोर्टात शांतवननं बायबलवर हात ठेवला. म्हणाला, "सही माझी हाय. पर मी तिथं गेलोच न्हवतो. आजवर एकाबी धाडीला गेलो न्हाय."

चिमणाबाई सुटली. शांतवनवर आधीच्या खोट्या साक्षींचा खटला होऊन तो तीन महिने तुरुंगात जाऊन आला. आल्यावर मंडळीची सभा भरली. अधिकाऱ्यांची अवज्ञा केली, मंडळीची बदनामी केली, म्हणून त्याला प्रभुभोजनातून, म्हणजे येशूच्या आठवणीच्या भाकरी-द्राक्षारसातून, काढायचं ठरलं. तीन वर्षं डोळे मिटून सह्या करत होता, त्यापायी कोण कोण आत गेलं देव जाणे, तेव्हा हाच माणूस पहिल्या बाकावर बसून प्रभुभोजन घ्यायचा. तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. त्यात माझाही होता. थुंकावं तर आधी माझ्यावरच.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. शांतवन बाहेर पायरीवर बसून राहिला. उपासना सुटल्यावर मी बाहेर आलो, तर चिमणाबाई त्याच्यासाठी भाकरी घेऊन आलेली.

"ओ वडील," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्यात खोटं बोलल्यावर भाईर काढत्यात, का खरं बोलल्यावर?"

मी खाली बघून वहाणा शोधू लागलो. त्या समोरच होत्या.