लेकीचा हेवा

मागून कोणी ‘डाक्टर’ अशी हाक मारली की भाऊ लगेच वळत नसत. दोन-चार पावलं तशीच पुढं टाकत, खिशातला पेन सरळ करत आणि मग सावकाश मान फिरवून म्हणत, "कोण आहे गा?" हाकेसरशी वळतो तो कसला डॉक्टर, असं त्यांचं मत होतं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. लोकांनी दिलेलं नाव त्याच्या कामापेक्षा मोठं असतं, आणि तो ते इस्त्रीच्या शर्टासारखं जपून वापरतो.

भाऊ डॉक्टर नव्हते. एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात ते औषधांच्या खिडकीमागं बसत. मी त्याच दवाखान्यात रक्त तपासायला होतो, माझी खोली त्यांच्या खिडकीला लागून. आमच्याकडं डॉक्टर यायचे, बदली मिळाली की जायचे. भाऊ राहिले. जंगलातल्या गावांतून आलेल्या बायांशी ते त्यांच्या माडिया बोलीत बोलत, त्यांच्या कोंबड्यांची चौकशी करत. म्हणून आठवडी बाजारात लोक त्यांनाच डाक्टर म्हणत. खऱ्या डॉक्टरांना ‘साहेब’ म्हणत.

"मले जमलंच असतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. तरुणपणी चंद्रपूरला शिकताना मेडिकलचा प्रवेश थोडक्या मार्कांनी हुकला होता. का हुकला, याचं कारण मात्र ऋतूप्रमाणे बदलायचं. पावसाळ्यात सांगत, परीक्षेच्या वेळी हिवताप होता. उन्हाळ्यात सांगत, फिजिक्सच्या मास्तरानं शिकवलंच नाही. एकदा तर म्हणाले, "बाजूच्या पोराची खुर्ची करकर वाजे गा. त्याच्यानं गेलं माझं."

नवा डॉक्टर रुजू झाला की भाऊ आठवडाभर त्याची चिठ्ठी उजेडाकडं धरून वाचत. "कागद तं बरा लिवते," असं म्हणून माझ्याकडं बघत. त्या ‘बरा’मध्ये काय काय असे, ते ऐकणाऱ्यालाच कळावं. पोरसवदा डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप टाकून वऱ्हांड्यातून गेला की भाऊंचे डोळे त्याच्या मागं जात, पार गेटपर्यंत.

आम्ही सगळे हसत होतो. हेवा असा दुरून बघितला की करमणुकीचाच वाटतो. तो घरात शिरेपर्यंत.

त्यांची एकुलती एक मुलगी ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा पास झाली. पण आपल्याकडच्या सरकारी कॉलेजात बसेल इतके मार्क नव्हते, आणि खाजगीचं नाव काढायची सोय नव्हती. भाऊंनी दवाखान्यात पेढे वाटले आणि वाटता वाटताच सांगितलं, "आता नर्सिंगले टाकतो."

मुलीनं मात्र वेगळंच शोधून काढलं होतं. तिच्या मैत्रिणीची बहीण नेपाळात डॉक्टरकी शिकत होती. तिथं परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा असतात, आपली ‘नीट’ पास पाहिजे, शिवाय तिथली प्रवेशपरीक्षा द्यायची. शिकून परत आलं की इथं पुन्हा एक परीक्षा. हे सगळं तिनं आईबापापुढं मांडलं, तेव्हा मी त्यांच्या अंगणात चहा पीत होतो.

"नेपाळ?" भाऊ म्हणाले. "तिथी थंडी किती असते, मालूम आहे का?"

"स्वेटर घालीन न बाबा."

"तिथी भूकंप येते."

"सगळे लोक राह्यतातच न तिथी."

"डोंगर आहे. रस्ते घसरतात. अन् तिथून शिकून आलेल्याले इथी कोण विचारते? इथी बसून मी जिंदगीभर औषध देऊन राह्यलो, अन् हे डोंगर चढून शिकून येईन म्हणते."

त्यांची बायको अंगणवाडीत शिकवायची. बोलायची कमी. त्या दिवशी ती सूप खाली ठेवून म्हणाली, "थंडीचं न भूकंपाचं राहू द्या. तुमचं पोट काऊन दुखून राह्यलं, ते मले ठावं आहे."

भाऊंनी चहाची बशी उचलली. ती रिकामी होती, तरी ओठाला लावली.

पैशाची व्यवस्था बायकोनंच केली, माहेरच्या शेतातला वाटा मोडून. अर्ज भरायला भाऊ मुलीला घेऊन आलापल्लीला गेले, कारण एटापल्लीत नेट दिवसातून तीनदा रुसायचं. मलाही बरोबर नेलं. कम्प्युटरवाला पोरगा भराभर माहिती भरत होता. बारावीची गुणपत्रिका, पासपोर्ट, आपली बारावी तिथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला. भाऊ पोराच्या खांद्यावरून पडद्याकडं टक लावून बघत होते. मधेच त्यांनी विचारलं, "बाबू, वयाची अट काय आहे याच्यात?"

"ताईचं वय बसते न काका."

"हिचं नाई गा. तसंच विचारून राह्यलो."

मुलगी पडद्याकडंच बघत राहिली. तिला ऐकू गेलं होतं. तिचे कान लाल झाले होते.

काठमांडूला जाताना त्यांनी मला सोडलं नाही. "तू चाल बाबू. दोघं असलो म्हणजे बरं." बल्लारशाहून गोरखपूरची गाडी, तिथून बस, मग चालत सीमा ओलांडली. सीमा म्हणजे एक कमान आणि तिच्याखालून जाणारी सायकलींची गर्दी. भाऊंना ते अपमानास्पद वाटलं. "हे काय परदेश आहे? इथी तं कोणी थांबवलंबी नाई." पुढं रात्रभराच्या बसमध्ये ते डोंगराच्या वळणांनी बेजार झाले. मुलगी त्यांचं डोकं धरून बसली होती आणि ते प्रत्येक वेळी सांगत होते, "मले काही नाई झालं. बसच चांगली नाई."

परीक्षा झाली. मुलगी पास झाली. मग एका कॉलेजात कागद तपासायला बोलावलं. पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर टेबलामागं बसले होते. शिपायानं मुलीचं नाव पुकारलं, तर आधी भाऊच उठून उभे राहिले.

डॉक्टर हिंदीत बोलत होते. कुठून आलात, घरी कोण असतं. मग हसत त्यांनी मुलीला विचारलं, "आपके इलाके में मलेरिया बहुत है ना? बताओ, शरीर में सबसे पहले कहाँ जाकर बढ़ता है?"

"खून में," भाऊ म्हणाले. मुलीनं तोंड उघडायच्या आत.

मी मान खाली घातली. रोज रक्ताच्या काचा बघणारा माणूस मी, मला उत्तर ठाऊक होतं.

"जी, पहले लिवर में," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "उसके बाद खून में."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघून मान हलवली. मग भाऊंकडं वळून अगदी अदबीनं विचारलं, "आप डॉक्टर हैं?"

मला वाटलं, आता ते खिशातला पेन सरळ करतील. चारशे कोस दूर, कोण विचारायला येणार होतं? भाऊंनी मुलीकडं पाहिलं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, टेबलावरच्या आपल्या फोटोकडं पाहत होती.

"जी नहीं," भाऊ म्हणाले. "कंपाउंडर."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बाहेर आल्यावर ते नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

मुलगी तिथंच राहिली. आता तिचे फोन यायचे. भाऊ फोनवर सगळं खोदून विचारत. मुडदा कसा असतो? वास येतो का? हृदय हातात धरलं का? ती उत्साहानं सांगू लागली की हे हळूहळू गप्प होत, आणि शेवटी म्हणत, "बरं बरं. जेवली का?" फोन ठेवला की माझ्या खोलीत येऊन बसत. "हृदय हातात घेतलं म्हणते. मूठभर असते म्हणते." आपली मूठ उघडायची, मिटायची. "मले जमलंच असतं गा."

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हाची गोष्ट. गट्टा गावाकडची एक म्हातारी दवाखाना बंद असला की सरळ भाऊंच्या अंगणात येऊन बसायची. त्या दिवशीही आली. गुडघा सुजलेला. भाऊ दारात उभे होते. म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बाजेवर बसलेल्या मुलीकडं पाहिलं, आणि गुडघा मुलीकडं वळवला.

मुलगी गोंधळली. "आजी, मी शिकून राह्यली अजून. बाबाले दाखव. बाबाले समजते."

भाऊ आत गेले, मागच्या दारानं परसात गेले आणि वांग्यांना पाणी घालू लागले. वांग्यांना सकाळीच पाणी झालं होतं. मी मागं गेलो तर म्हणाले, "म्हातारीचं काही नाई. पण ही मले दान देऊन राह्यली का? ‘बाबाले समजते’ म्हणते!"

मायेनं हेवा निवतो असं आपल्याला वाटतं. भाऊंचा मायेनं आणखी पेटायचा.

वर्षं गेली. शिक्षण पुरं करून ती परत आली. परदेशात शिकलेल्यांना इथं डॉक्टरकी करायची तर जी परीक्षा द्यावी लागते, ती तिनं दिली. निकाल लागला तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो. मुलीनं मोबाईल पाहिला, आईकडं दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. नापास.

मी भाऊंच्या तोंडाकडं बघत होतो. तुम्ही कधी ओझं उतरलेल्या हमालाचं तोंड बघितलं असेल, तसं ते क्षणभर झालं. कपाळाच्या आठ्या गेल्या, खांदे सैल पडले. फक्त क्षणभर. मग त्यांनी आपल्या बायकोकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. चपला घालून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ते माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. काचांच्या पेटीवर हात ठेवून उभे राहिले.

"बाबू, पोरगी नापास झाली तं मले बरं वाटलं."

मी हातातली काच खाली ठेवली.

"बरं वाटलं गा. आतून. मंग रातभर ते रडून राह्यली, अन् मी भिंतीच्या इकडून ऐकून राह्यलो. बाप आहो का कोण आहो मी?"

"भाऊ, तसं होते कधी कधी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"नाई होत," ते म्हणाले. "कोणाले नाई होत तसं."

त्या दिवशी त्यांनी लांबलचक रजेचा अर्ज टाकला. पुढले महिने भाऊ रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून तिच्या जाड पुस्तकातले प्रश्न तिला विचारायचे. इंग्रजी नावांचे असे तुकडे करत की हसून हसून पोरीची मुरकुंडी वळायची. "बाबा, हे एकच नाव आहे, तीन नाई!" "तू उत्तर सांग. नाव त्या लिवणाऱ्यानं लांब ठेवलं, माझी काय चुकी?" तिचं उत्तर बरोबर आलं की त्यांच्या जबड्यात काहीतरी आवळल्यासारखं दिसे. मी जाता-येता पाहायचो. आवळायचं, आणि ते पान उलटायचे. पुढचा प्रश्न विचारायचे. त्यांचा हेवा गेला नव्हता. त्याला मांडीवर घेऊनच ते शिकवत बसत होते.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. भाऊंनी पेढे आणले, पण वाटायला बायकोला पाठवलं.

आणखी एक वर्ष इंटर्नशिपमध्ये गेलं, आणि मग तिला भामरागडला नेमणूक मिळाली. तोवर भाऊ निवृत्त झाले होते. आईबाप दोघंही तिच्याकडं राहायला गेले. आमच्या खिडकीमागं आता दुसरा माणूस बसतो. चांगला आहे, झटपट औषध देतो. कोणी त्याला डाक्टर म्हणत नाही, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त मी भामरागडला गेलो. दवाखान्याच्या वऱ्हांड्यातल्या बाकावर पेशंट बसले होते. खोकणारी पोरं, पोटुशी बाई, कुऱ्हाडीनं बोट कापून घेतलेला एक गडी. त्यांच्यात, रांगेत, मफलर गुंडाळून भाऊ.

"अहो, तुम्ही काऊन रांगेत?" मी विचारलं.

"खोकला आहे गा. माझा लंबर यायचा आहे."

"घरीच दाखवायचं न तिले."

"घरी नाई," ते म्हणाले, आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

नंबर आला तसे ते आत गेले. दार उघडंच होतं. मुलीनं मान वर केली, बापाला बघितलं. समोरच्या स्टुलाकडं हात केला. भाऊंनी शर्ट वर करून पाठ दिली. ती स्टेथोस्कोप लावत गेली, "श्वास घ्या... सोडा... घ्या..." आणि भाऊ शाळेतल्या पोरासारखे घेत होते, सोडत होते. डोळे मिटलेले.

बाहेर येऊन ते परत माझ्याजवळ बसले. बटणं लावायला त्यांना वेळ लागला.

"काय म्हणते?"

"छाती साफ आहे म्हणते." थोडं थांबून म्हणाले, "हात लई हलका आहे बाबू तिचा. कधी लावला न कधी काढला, कळलंच नाई."

मी मान हलवली.

"असा हात माझा असता तं..."

बोट कापलेला गडी आत गेला होता आणि आतून तिचा आवाज येत होता, त्याला माडियात काहीतरी विचारणारा. भाऊ पुढं वाकून, कान देऊन ऐकत बसले. मी उठलो, येतो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं न बघताच हातानं मला गप्प राहायची खूण केली.