मुलगी राहते कुठे

आमच्या घरी इंटरनेट आलं ते माझ्यासाठी नव्हे. नवऱ्याच्या कंपनीने नोएडात काचेची भलीमोठी इमारत बांधली आणि साहेबांना घरूनही काम करता यावं म्हणून कंपनीनेच कनेक्शन दिलं. साहेब घरी आले की कम्प्युटरकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मग तिथे बसायची मी. गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीत लिफ्ट होती, गेटवर सलाम ठोकणारा गार्ड होता, पाणी मात्र टँकरने यायचं, आणि वीज गेली की माझं अर्धवट राहिलेलं शोधकाम वाहून जायचं. मी चिडून ओरडले की नवरा म्हणायचा, "चलो, आता चहा कर." त्याला काय कळणार होतं!

मी पुण्याची. वकिलीची सनद तिथेच घेतली, आणि लग्न होऊन दिल्लीला आल्यावर एका पंजाबी सीनियर वकिलांच्या चेंबरमध्ये लागले. माणूस भला, मला बेटा म्हणायचा, पण कम्प्युटर म्हटलं की कपाळाला आठ्या. त्यांच्या चेंबरच्या चारी भिंती लॉ रिपोर्टच्या जाडजूड खंडांनी भरलेल्या. एखादा निकाल शोधायचा तर आधी सूचीचे खंड उपसायचे, मग मूळ खंड, मग खाली उतरून फोटोकॉपी. हाताला धूळ आणि नाकाला शिंका. इकडे घरी मात्र चौकटीत दोन-चार शब्द टाकले की कुठकुठल्या हायकोर्टांचे निकाल रांगेने हजर व्हायचे. मला तर खजिनाच सापडला. कोर्टांच्या वेबसाइटवर फुकट मिळणारे निकाल, आणि त्याहून आवडायचे ते ब्लॉग. ब्लॉग हा शब्दसुद्धा तेव्हा नवा होता. देशाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून कुणी वकील, कुणी कायद्याचा विद्यार्थी, ताज्या निकालांवर मनापासून लिहायचा, कोणता निकाल पुढे फिरवला गेला तेही सांगायचा. पैसे नाहीत, ओळख नाही. मला या लोकांचं भारी कौतुक वाटायचं. सीनियर म्हणायचे, बेटा, जे फुकट मिळतं त्यावर कोर्टात उभं राहू नये. मला त्यांचा राग यायचा.

जिची ही गोष्ट, तिची माझी गाठ पडली करोल बागेत, गणपतीत. वर्षातून तेवढे दिवस घराबाहेर मराठी कानावर पडते म्हणून मी हटकून जायचे. आरती झाल्यावर कुणीतरी ओळख करून दिली, या वकील आहेत म्हणून, आणि ती मला बाजूला घेऊन गेली. साताऱ्याकडची. नवरा फौजेत हवालदार होता, दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये संसार होता. नवरा आजारपणात गेला. दिवसकार्य गावी झालं. पेन्शनच्या कागदांसाठी हिला दिल्लीला परतावं लागलं, तेव्हा सासू-दीर म्हणाले, पोरीला राहू दे इथं, तू एकटी कुठे धावशील. मुलगी चार वर्षांची. हिने ठेवली. कागद झाले, एका कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली, तिथेच जवळ खोली घेतली, आणि ती मुलीला आणायला गेली, तर सासूने दारातच सांगितलं, पोरगी आमच्या लेकाची आहे, ती इथंच वाढणार. पुन्हा गेली तेव्हा दारसुद्धा उघडलं नाही.

"ताई, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "पेन्शनमधलं काय हवं ते घ्या म्हणावं. मला माझी पोर द्या."

सीनियरांनी केस घेतली, ती माझ्याच भरवशावर. अर्ज दिल्लीत टाकला. सासरच्यांनीही दिल्लीचाच वकील केला, चांगला मुरलेला, आणि त्याने पहिल्याच तारखेला पाचर मारली. कायदा म्हणतो की मुलाच्या ताब्याचा अर्ज ते मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा. मुलगी राहते कुठे? साताऱ्याला. मग या बाईंनी तिकडे जावं. तिकडे जावं म्हणजे नोकरी सोडावी, खोली सोडावी, आणि ज्या गावात दार उघडत नाहीत त्या गावाजवळ जाऊन तारखा कराव्यात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मूल तुम्ही अडकवून ठेवायचं आणि वर म्हणायचं, बघा, ते इथे राहतं!

उत्तर मला घरच्या कम्प्युटरवर सापडलं. दुसऱ्या एका हायकोर्टाचा निकाल, अगदी आमच्याच मुद्द्यावर. मुलाला फसवून किंवा जबरदस्तीने अडकवून ठेवलं असेल तर त्या जागेला त्याचं सामान्य राहणं म्हणता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बढिया. मी तिला फोन केला. तिला मुद्दा कळला नसावा, पण माझ्या आवाजावरून ती समजली आणि सारखी ताई, ताई म्हणत राहिली.

तारखेला मी प्रिंट काढून नेली. जजसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, हे कुठून आणलंत? मी वेबसाइटचं नाव सांगितलं. त्यांनी कागद टेबलाच्या कडेला सरकवले.

"मॅडम, इंटरनेट का काग़ज़ तो कोई भी घर बैठे टाइप कर ले. किताब लाइए."

त्या काळी खालच्या कोर्टांत हीच रीत होती. निकाल खरा की खोटा यापेक्षा तो बांधीव खंडात आहे की नाही हे महत्त्वाचं. ठीक आहे, किताब तर किताब. चेंबरमध्ये नेमका तो खंड नव्हता, म्हणून मी बार लायब्ररीत गेले. खंड मिळाला, पान उघडलं आणि पाहते तर पान नाही. ब्लेडने कापलेलं. एकच नव्हे, तो निकाल जितक्या पानांत होता तितकी पानं मुळापासून साफ, आणि आधीचा नि नंतरचा निकाल जागच्या जागी. लायब्ररीवाल्यांना दाखवलं तर त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, ऐसा होता है. आपल्या विरुद्ध जाणारा निकाल दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून वकील लोक पानं कापून नेतात. ही पानं कुणी, कधी, कुठल्या केससाठी कापली असतील देव जाणे, पण मी तिथे उभ्याउभ्या त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिकलेली माणसं ही! काळा कोट घालून ब्लेड खिशात ठेवणारी!

दुसऱ्या लायब्ररीतला खंड बाइंडिंगला गेलेला. तिसरीकडे बाहेरच्यांना प्रवेश नाही. सीनियरांनी त्या हायकोर्टाकडून सही-शिक्क्याची नक्कल मागवली, ती काही येईना. तारखा मात्र पडत राहिल्या. कधी जजसाहेब रजेवर, कधी वकिलांचा संप, कधी समोरच्याची तब्येत नरम. ती प्रत्येक तारखेला दुकानातून सुट्टी घेऊन यायची आणि माझ्याकडे बघायची. निकाल माझ्या घरी पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचता येत होता, आणि कोर्टाच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. माझे हात टेकले होते.

शेवटी मी ब्लॉगला साकडं घातलं. मुलांच्या ताब्याच्या निकालांवर लिहिणारा एक वकील होता, दक्षिणेतला. त्याच्या लेखाखाली मी लिहिलं की अमुक निकालाची खंडातली पानं हवी आहेत, दिल्लीत कापलेली आहेत, कुणाकडे असतील का. आठवड्याच्या आत कुरियर आलं. त्या भल्या माणसाने खंडाच्या मुखपृष्ठासकट फोटोकॉपी करून, प्रत्येक पानावर स्वतःचा शिक्का मारून पाठवली होती. फी नाही, काही नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही, त्याचा आवाजही ऐकला नाही, आणि त्या दिवशी मात्र मी त्याच्या नावाने देवापुढे साखर ठेवली.

कोर्टाने ती फोटोकॉपी मानली. केस दिल्लीतच चालणार असा आदेश झाला. ती कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्या गळ्यात पडली. मला म्हणाली की आता शाळेत नाव घालायचं बघते, जवळच एक चांगली शाळा आहे. मी तिला जरूर घाल म्हणून सांगितलं.

मग पुढची गोष्ट घडली ती त्याच ब्लॉगवर. माझ्या प्रश्नावरून त्या वकिलाला विषय सुचला आणि त्याने सविस्तर लेख लिहिला, दोन्ही बाजूंचा, प्रामाणिक. केस कुठे चालवायची हा एक मुद्दा, पण ताबा कुणाला द्यायचा हे शेवटी मुलाच्या हितावर ठरतं, मूल कुठे रुजलं आहे ते कोर्ट बघतं, मुलाला समज असेल तर त्याला विचारतं, आणि त्यासाठी हे हे निकाल पाहावेत. लेख उत्तम होता. माझ्यासारखाच तो समोरच्या वकिलाच्या ज्युनियरनेही वाचला. पुढच्या तारखेला ते लोक तेच निकाल घेऊन उभे राहिले, आणि कागद नव्हेत, खंड. त्या निकालांची पानं कुणी कापली नव्हती. मला इतका संताप आला, आणि कुणावर काढावा तेच कळेना. लेखात चूक काय होती? ज्ञान सगळ्यांसाठी खुलं असावं असं मीच तर सगळ्यांना ऐकवत फिरायचे.

जजसाहेब म्हणाले, मुलीला आणा, मी स्वतः बोलतो.

मुलगी आली तेव्हा तिला सातवं लागलं होतं. सासू आणि दीर घेऊन आले. तेल लावून घट्ट वेण्या, आजीचा पदर मुठीत. आईने हाक मारली तर ती लाजून हसली, एखाद्या पाहुणीला हसावं तशी. मग तिने आईच्या बांगड्यांना हात लावून पाहिला. सासूने तिला ओढलं नाही, हे सांगायला हवं. ती म्हातारी नुसती भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्याकडे बघून मला जो राग धरायचा होता तो नीट धरता येईना.

जजसाहेबांनी मुलीला आत बोलावलं, बाकी सगळ्यांना बाहेर ठेवलं. पाचच मिनिटांत मला बोलावणं आलं. दिल्लीत असताना ही पोर शेजारच्या मुलांशी हिंदीत भांडायची, असं आई सांगायची. आता तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. जजसाहेबांना मराठी येत नव्हती. घरची माणसं दुभाषी म्हणून चालणार नव्हती. समोरचे वकीलच म्हणाले की मॅडमवर आमचा विश्वास आहे. म्हणाले ते हसून.

मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. नाव, शाळा, बाईंचं नाव, आवडतं काय, सगळं झालं. ती भराभर सांगत होती, मी हिंदीत करून देत होते. मग जजसाहेबांनी विचारलं की तिला कुणाजवळ राहायचं आहे. मी मराठीत विचारलं. तिने जजसाहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली,

"म्या आज्जीकडं ऱ्हाते म्हणलं, तर आई रडंल का?"

त्या खोलीत हे वाक्य फक्त मला कळलं होतं. स्टेनो पेन धरून वाट बघत होता. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. आईची आठवण येते म्हणाली, असं सांगितलं असतं तर कुठल्याही खंडात कुणी ते तपासू शकलं नसतं. माझी अशील बाहेर बाकावर बसली होती. मला ते करायचं होतं. देवाशपथ करायचं होतं.

जजसाहेबांनी विचारलं, "क्या कहा बच्ची ने?"

मी जसंच्या तसं सांगितलं. स्टेनोला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगावं लागलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. लेखी आदेश नंतर आला, मुलगी आजीकडे, शाळेच्या सुट्ट्यांत आईकडे, पण निकाल तेव्हाच लागला होता.

मुलगी आत स्टेनोने दिलेलं बिस्किट खात बसली आणि मी बाहेर आले. आई बाकावरून उठली. काय म्हणाली, तिने विचारलं. मी बोलणं फिरवायला गेले, सुट्ट्यांबद्दल काहीतरी बोलू लागले, तर तिने माझं मनगट धरलं.

"ताई, शब्द सांगा. ती काय बोलली ते शब्द सांगा."

मी सांगितले. ती खाली बसली. पदराचा बोळा तोंडात कोंबून तशीच बसून राहिली, तिचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो बाजूला केला. मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि दाराकडे न बघता मला म्हणाली,

"आत जा. तिला सांगा, आई रडली नाही."

मी आत गेले आणि सांगितलं.