बिनखांबाचं छप्पर

सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे ठोकणाऱ्या त्या सुताराला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायचं गुण्या नावाचं हत्यार सदानकदा त्याच्या हातात असे. लढाईत बॉम्ब पडून जुनं चर्च कोसळलं, त्याखाली त्याची आई गेली. सहा वर्षांनी तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं त्याच जागी नवं चर्च बांधायला काढलं आणि छपराचा साचा ठोकायचं काम मुकादम म्हणून गुण्याकडे आलं.

हे चर्च काही वेगळंच होतं. शिखर नाही, नक्षी नाही, भिंतींना गिलावासुद्धा नाही. वर घड्या घातलेल्या कागदासारखं काँक्रीटचं छप्पर, आणि खाली एकही खांब नाही. म्हाताऱ्या बायका विचारत, हे चर्च की गोदाम? गुण्याला मात्र ते मनापासून आवडलं होतं.

काँक्रीट ओतलं त्या संध्याकाळी गारठा वाढला. इंजिनियरसाहेबांनी सगळं गोणपाटानं झाकायला सांगितलं होतं. पूर्वेकडच्या घडीवर गोणपाट कमी पडलं. एका रात्रीनं काय होतंय, म्हणून गुण्या घरी गेला. सकाळी तिथे बर्फाची पांढरी साय धरली होती.

ओलं काँक्रीट गोठलं की कच्चं राहतं हे ठाऊक असूनही त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पण साच्याखालचे टेकू काढायचा दिवस जवळ आला तशी त्याची पाचावर धारण बसली. नेमकी त्याच घडीखाली गाणाऱ्यांची बाकं येणार होती आणि त्याची बायको त्यांच्यात गायची. शेवटी तिनंच त्याच्याकडून सगळं काढून घेतलं.

"तुम्ही सांगताय की मी जाऊन सांगू?" एवढंच ती म्हणाली.

तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "ती घडी उघडी राहिली. चूक माझी."

साहेब शिडीवरून वर गेले. हातोडी मारली तर इतरत्र खणखणीत वाजणारं काँक्रीट तिथे बद्द वाजलं.

घडी फोडून पुन्हा ओतली. उद्घाटन लांबलं, गुण्याची मुकादमी गेली. टेकू सैल करायला मात्र साहेबांनी त्यालाच बोलावलं. टेकूंखालच्या पाचरी त्यानं ठोकल्या होत्या, त्यानंच काढाव्यात.

एकेक पाचर काढताना मान वर करायचा त्याला धीर झाला नाही. सगळा जीव कानांत गोळा झालेला. शेवटची निघाली आणि वरून कुरकुर ऐकू आली. त्यानं डोळे मिटले. कुरकुर थांबली.

घरी बायकोनं विचारलं, काय झालं?

"छप्पर बोटभर खाली येऊन थांबलं," तो म्हणाला. "स्वतःच्या वजनानं तेवढं येणारच होतं."

त्याचे हात अजून कापत होते. तिनं पाण्याचा पेला त्याच्या हातात न देता समोर टेबलावर ठेवला.