बसायचं नाही

बर्फात पडलेल्यांना उचलणारी माणसं स्कीवर असतात, असं बचावपथकाच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग माझ्या स्नोबोर्डकडे बघून म्हणाले, स्की शिक आणि पुढच्या हिवाळ्यात ये. मी जागची हलले नाही. म्युनिकहून पहाटेची ट्रेन पकडून, बोर्ड पाठीवर वागवत आले होते. बोर्ड चालणार नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि मला रांगेत उभं केलं.

बोर्ड मी पस्तिशीत शिकले. आठवडाभर ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकचं काम आणि शनिवार-रविवारी डोंगर. स्कीवर माझे दोन पाय दोन दिशांना पळायचे, बोर्डवर मात्र शरीर माझं ऐकायला लागलं. बचावपथकात स्वयंसेवक व्हायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, पडलेल्यांना तू उचलणार, मग तुला कोण उचलणार?" सगळं घर हसलं. मीही हसले, पण मनातून जाम चिडले होते.

जखमी माणसाला खाली आणायची इथली घसरगाडी म्हणजे अक्या. उथळ होडीसारखी, पुढे दोन दांडे, मागे दोन. पुढचा माणूस दांड्यांच्या मध्ये, उताराकडे तोंड करून उभा राहतो आणि सगळं वजन पाठीवर घेत गाडी उतरवतो. मागचा नुसता आवरून धरतो. तीव्र उतारावर बोर्ड झकास चालतो: आडवा धरायचा, टाचांवर भार द्यायचा आणि बर्फ खरवडत उतरायचं. माझी पंचाईत व्हायची ती उतार संपून सपाटी आली की: दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, रेटायचं कशाने?

पहिल्या सरावात तीव्र उतार मी छान उतरले. सपाटीवर वेग मेला, मांड्या पेटल्या होत्या, आणि मी सवयीने मटकन खाली बसले. बोर्डवाले असेच बसतात. थांबले की बसले, भर वाटेत, रांगेने. स्कीवाले त्यावरूनच आम्हाला नावं ठेवतात. मागच्या गड्याला मी बसल्याचं कळलं नाही. अक्या सरळ माझ्या पाठीत आली आणि आत जखमी बनून झोपलेली मुलगी किंचाळली. तिला काही झालं नाही, मला मात्र पाठ धरून उठावं लागलं.

प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "बोर्डवाले बसतात. म्हणून मला नकोत."

राग आला, कारण ते खरं होतं. त्या दिवसापासून मी बर्फावर बसणंच सोडलं. बोर्डचे पट्टे उभ्यानेच वाकून बांधायचे, डबा उभ्याने खायचा. कंबर मोडायची आणि बाकीचे हसायचे. सपाटीसाठी एक पाय सोडवून, त्याने बर्फ मागे रेटत अक्या ओढायचा सराव केला. दिसायला ते भयंकर दिसतं. दिसू दे.

परीक्षेच्या सकाळी अक्यात कोण झोपणार, असा प्रश्न निघाला. माझ्या गाडीत जायला कोणी उत्सुक नव्हतं. तेव्हा प्रशिक्षक स्वतः आत आडवे झाले आणि पट्टे छातीवर ओढून घेतले. डोंगरावर सगळे एकमेकांशी एकेरीत बोलतात, पण साठीच्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नाही. नीट धरून बसा, म्हटलं. झोपलेल्या माणसाला बसा म्हणाले हे नंतर लक्षात आलं.

तीव्र उतार आला, गेला. मान वळवून त्यांचा चेहरा बघायचा मोह होत होता, पण बघितलं नाही. सपाटीवर मागच्या गड्याला आवर म्हणून ओरडले, पाय सोडवला आणि रेटायला लागले. बाजूने स्कीवर पोरंटोरं भराभर निघून गेली. अर्ध्यात एकदा गुडघे आपोआप वाकले, तेव्हा मोठ्याने मराठीत एक शिवी घातली, ती स्वतःलाच. गुडघे पुन्हा सरळ झाले. पथकाच्या झोपडीपाशी पोहोचले, तेव्हा दांड्यांवरची माझी बोटं उघडत नव्हती.

अक्यातून, आकाशाकडे बघतच ते म्हणाले, "पास. रविवारी बोर्ड घेऊन ड्यूटीवर ये. आता बस."

"नको," मी म्हटलं. "आधी तुम्ही उठा."