घरवाला बोर्ड

सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची बस लागली होती, तेवढ्यात आईचा फोन आला. "मधुमामा गेला वं…" मी मामाकडेच निघाले होते. जयंतीच्या पत्रकाचा मजकूर पिशवीत होता. त्याला दाखवल्याशिवाय मी आजवर एकही पत्रक छापलेलं नाही.

मामा पांढुर्ण्यात बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर बाकीच्या पेंटरांनी ब्रश ठेवले, याने ठेवला नाही. त्याने भिंतींवर रंगवलेल्या घोषणांवरून मी वाचायला शिकले. पत्रकातला एखादा शब्द खोटा वाटला की म्हणायचा, "हा शब्द बसत नाही, पोरी." जागा मात्र भरपूर असायची.

एकदा एका ठेकेदाराने तामियाकडच्या डोंगरातल्या गुहांसाठी बोर्ड सांगितला : 'आदिमानव की गुफाएँ'. भारिया आदिवासी पूर्वी त्या गुहांत राहत. मामा म्हणाला, जागा पाहिल्याशिवाय ब्रश लावणार नाही. मीही सोबत गेले. वाट दाखवायला पायथ्याच्या गावातली एक भारिया म्हातारी आली. गुहेच्या तोंडाशी मामाने चपला काढल्या आणि आत वाकून हाक दिली, "येऊ का जी?"

मला हसू फुटलं. "कोनाले इचारून राहिला मामा? अस्वलाले?"

"घरवाल्याईले," तो म्हणाला.

म्हातारी एकदम मोकळी झाली. धुराने काळं पडलेलं छत दाखवत म्हणाली, "मेरी माँ यहीं पैदा हुई, भैया. चूल्हा उधर था." निघताना तिने मामाचा हात धरला. "बोर्ड पे घर लिखना."

"लिखूँगा, माई."

त्याने लिहिलं : 'भारिया लोगों के पुराने घर'. ठेकेदार दुकानात येऊन भडकला. "गुफा लिव्हाले सांगतलं होतं ना, पेंटर?"

"गुफा बसत नाही."

"एवढा मोठा पत्रा, अन् बसत नाही?"

"नाही बसत."

ते काम गेलं, त्या ठेकेदाराची पुढची कामंही गेली. डोंगरात फ्लेक्स लागला, आदिमानवाचा. म्हातारीला दिलेला शब्द पाळायचा राहिला, ही सल मामाला शेवटपर्यंत होती… मला आजही संताप येतो. घराला गुहा म्हटलं की तिथली माणसं जनावरांच्या रांगेत जातात, आणि मग त्यांच्या जंगलाबद्दल त्यांना विचारायची गरज कुणाला वाटत नाही. हे मी पत्रकांत कितीदा लिहिलं. मामाने ते एका शब्दात रंगवलं होतं.

मामाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी दुकान आवरायला गेले. शटर अर्धं वर होतं. आतून दुकानमालकाने विचारलं, "तो गुफावाला बोर्ड भंगारात देऊ का, बाई?"

"घरवाला," मी म्हटलं. "द्यायचा नाही."

आणि मग चपला काढून आत गेले.

येत्या रविवारी तो बोर्ड तामियाच्या बसवर चढवायचा आहे. म्हातारीच्या अंगणात तरी तो लागेल. 'घर' या शब्दावरची रेघ मामाने दोन्ही बाजूंना जरा जास्तच लांब ओढली आहे… वळचणीसारखी.